कंसातलं नाव

चिपळूणकरिना डायमॉर्फोपोरा (चिपळूणकर, १९३९).

नर्मदेच्या खोऱ्यात सापडणाऱ्या एका जीवाश्माचं हे पूर्ण शास्त्रीय नाव आहे. एवढ्याशा ओळीत चिपळूणकर दोनदा आलेत. एकदा नावाच्या आत, लॅटिन शेपूट लावून. आणि एकदा नावाच्या बाहेर, कंसात. पहिला उल्लेख सन्मानाचा आहे हे लगेच कळतं. दुसऱ्याला कंस का आहे, हे मात्र कुणीतरी सांगावं लागतं.

तो कंस म्हणजे सजावट नाही. प्राण्यांच्या नामकरणाच्या नियमांत त्याला नेमका अर्थ आहे. शास्त्रीय नावातला पहिला शब्द जीनसचा, आडनावासारखा. दुसरा स्पीशीजचा, पाळण्यातल्या नावासारखा. एखादी जात ज्याने पहिल्यांदा वर्णिली, त्याचं नाव आणि साल पुढे लिहितात. ती जात त्याने ज्या जीनसमध्ये ठेवली होती तिथेच आजही असेल, तर नाव कंसाशिवाय येतं. नंतर कुणी तिला दुसऱ्या जीनसमध्ये हलवलं असेल, तर कंस पडतो. म्हणजे कंसाचा साधा अर्थ असा: ही जात पहिल्यांदा ओळखली यांनी, पण यांनी तिला जिथे बसवलं होतं तिथून आम्ही ती उठवली आहे.

एकाच ओळीत सन्मान आणि दुरुस्ती. मी जीवाश्मशास्त्रज्ञ नाही. दिवसभर कोड लिहितो आणि दुसऱ्यांनी लिहिलेला कोड तपासतो. कुणाचं तरी कुठेतरी चुकलंय हे सांगणं हा माझ्या नोकरीचा रोजचा भाग आहे. त्यामुळे हा कंस समजल्यापासून एक प्रश्न डोक्यात घर करून बसला आहे. एखाद्याचं म्हणणं बरोबर नव्हतं हे आपल्याला कळलं, तर दुरुस्ती करताना त्या माणसाचं काय करायचं?

आपल्याकडे याची दोन उत्तरं चालतात. एक म्हणजे झाकून घेणं: मोठी माणसं आहेत, त्यांना कसं बोलायचं. दुसरं म्हणजे उघडं पाडणं: स्क्रीनशॉट काढा, टाका, बघू कसा उत्तर देतो. पहिल्यात माणूस वाचतो आणि चूक तशीच राहते. दुसऱ्यात चूक सापडते आणि माणूस संपतो. जीवाश्मांच्या या आडबाजूच्या शास्त्राने तिसरं काहीतरी शोधलेलं दिसतं. ते नीट समजायचं तर आधी तो प्राणी समजून घ्यावा लागेल.

घर उरतं, राहणारा नाही

किनाऱ्यावर उचललेल्या शिंपल्यावर किंवा समुद्री शेवाळाच्या पात्यावर कधीकधी पांढरट, बारीक जाळी चिकटलेली दिसते. आपण ती मीठ किंवा बुरशी समजून खरवडतो. भिंगातून पाहिलं तर ती जाळी म्हणजे ओळीने मांडलेल्या खोल्या असतात, चाळीच्या मजल्यासारख्या. प्रत्येक खोलीत एक प्राणी. बहुतेकदा एक मिलिमीटरपेक्षाही लहान. तो खोलीच्या दारातून शुंडकांचा मुकुट बाहेर काढतो, पाण्यातले कण टिपतो आणि धोका जाणवला की आत जातो. हे ब्रायोझोआ. ग्रीक शब्दांचा अर्थ होतो शेवाळ-प्राणी. आज जिवंत असलेल्या त्यांच्या जाती सहा हजारांच्या आसपास आहेत, आणि जवळपास सगळ्या वसाहत करून राहतात.

ही वसाहत एकाच अळीपासून सुरू होते. अळी कुठेतरी टेकते, तिची पहिली खोली होते, तिला अंकुर फुटून दुसरी, मग तिसरी. म्हणजे चाळीतले सगळे भाडेकरू जनुकीयदृष्ट्या एकच. तरी कामं वाटलेली असतात. काही गटांत तर काही खोल्यांतल्या प्राण्यांना खाताच येत नाही. त्यांचा फक्त चोचीसारखा जबडा उरलेला असतो आणि त्यांना शेजारी पोसतात.

अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत अभ्यासक अशा जीवांना वनस्पतींमध्ये धरत. दिसायला ते तसेच आहेत: फांद्या, पानं, शेवाळासारखा पसारा. भिंगाखाली शुंडकं हलताना दिसली तेव्हा मत बदललं.

जीवाश्मात मात्र हलणारं काही नसतं. शुंडकं, स्नायू, आतडं, सगळं कुजून जातं. उरतात त्या चुन्याच्या खोल्या. म्हणजे जीवाश्म ब्रायोझोआचं वर्गीकरण करणं म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी रिकाम्या झालेल्या चाळीच्या भिंती पाहून भाडेकरू कोण होते ते सांगणं. त्यातही वसाहतीच्या बाहेरच्या आकारावर फारसा भरवसा ठेवता येत नाही. तो पाण्याच्या प्रवाहाप्रमाणे, जागेप्रमाणे बदलू शकतो. एकाच जातीची एक वसाहत दगडावर पसरलेली असू शकते, तर दुसरी उभी. आणि दोन दूरच्या जातींच्या वसाहती बाहेरून सारख्या दिसू शकतात. म्हणून दगड कापावा लागतो.

त्याचा काप काचेवर चिकटवून घासत घासत साधारण ०.०३ मिलिमीटर जाडीचा करतात. एवढा पातळ झाला की दगडातून उजेड आरपार जातो आणि भिंती दिसू लागतात. असे काप तीन दिशांनी घेतात: फांदीच्या लांबीला, आडवा, आणि पृष्ठभागाला समांतर. मग मोजणी. दाराचा व्यास, दोन दारांमधलं अंतर, भिंतीची जाडी. एक खोली मोजून भागत नाही. अनेक मोजायच्या, कारण एकाच वसाहतीतल्या खोल्याही एकसारख्या नसतात. मग सर्वांत लहान माप, सर्वांत मोठं, सरासरी, आणि किती मोजली त्याचा आकडा, असा तक्ता करायचा.

पाहिलं ते आणि वाटलं ते

हे सगळं लिहायची एक ठरलेली पद्धत आहे. मला या शास्त्रातलं सगळ्यात नैतिक काही वाटत असेल तर ती ही पद्धत.

नव्या जातीच्या लेखात वेगवेगळे कप्पे असतात. एका कप्प्यात निदान: ही जात इतरांपासून वेगळी कशामुळे, थोडक्यात. दुसऱ्यात वर्णन: समोरच्या नमुन्यात जे जे दिसलं ते, मापांसकट. त्यात शक्यतो मत नाही. तिसऱ्यात टिप्पणी: हे कशाशी जवळचं वाटतं, का वाटतं, कोणाशी मतभेद आहे. मत मांडायचं असेल तर इथे, सही करून.

एका नमुन्याला होलोटाइप ठरवतात. तो संग्रहालयात किंवा संस्थेच्या संग्रहात क्रमांक देऊन ठेवायचा. यापुढे जातीचं नाव त्या एका नमुन्याला बांधलेलं. माझी व्याख्या फसली, माझं वर्गीकरण पडलं, तरी नाव नेमकं कशाचं होतं हे कुणालाही जाऊन बघता आलं पाहिजे. म्हणजे लेखक आपल्या दाव्याबरोबर तो दावा खोडायचं साधनही ठेवून जातो. विरोधकासाठी खुर्ची मांडून ठेवल्यासारखं.

आणि मग समानार्थी नावांची यादी. या जातीबद्दल आजवर कोणी, कोणत्या साली, कोणत्या नावाने लिहिलं, त्याची एकेक ओळ. काही लेखक ओळीच्या आधी छोट्या खुणा करतात. प्रश्नचिन्ह असेल तर: हा उल्लेख याच जातीचा असावा, पण खात्री नाही. 'नॉन' असेल तर: त्यांनी हेच नाव वापरलं, पण त्यांच्याकडची वस्तू ही नव्हे. आणि 'व्ही' हे अक्षर असेल तर लॅटिनमध्ये त्याचा अर्थ: मी पाहिलं आहे. तो जुना नमुना मी स्वतः डोळ्यांनी तपासला आहे, फक्त त्याबद्दल वाचलेलं नाही.

व्हॉट्सॲपवर काहीही पुढे पाठवण्याआधी ते 'व्ही' टाकायची सक्ती असती तर किती ग्रुप शांत झाले असते, असं मनात येतंच.

संशयासाठीसुद्धा या लोकांकडे वेगवेगळे शब्द आहेत. नावाच्या मध्ये 'सीएफ' आलं तर अर्थ: त्या जातीसारखं वाटतंय, ताडून पाहा. 'अफ' आलं तर: जवळचं आहे, पण ती नक्की नव्हे. फक्त 'स्पी.' लिहून सोडलं तर: जीनसपर्यंत सांगू शकतो, पुढे नाही. 'माहीत नाही' हे इथे एका शब्दात संपत नाही. कुठपर्यंत माहीत आहे आणि कुठून नाही, ती रेघ नावातच ओढलेली असते.

एकोणीसशे एकोणचाळीस ते पंचाण्णव

आता आपल्या पहिल्या ओळीकडे. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात बाघ नावाचं गाव आहे, बौद्ध लेण्यांसाठी प्रसिद्ध. त्या परिसरात नर्मदेच्या खोऱ्यात जे सागरी खडक उघडे पडलेत त्यांना बाघ थर म्हणतात. दख्खनचा लाव्हा वाहिला त्याच्याही आधीचे, साधारण नऊ कोटी वर्षांपूर्वीचे. तेव्हा समुद्र पश्चिमेकडून आत, आजच्या नर्मदा खोऱ्यापर्यंत शिरला होता. या थरांतल्या एका चुनखडीला भूवैज्ञानिक कोरलाइन, म्हणजे प्रवाळी, असं म्हणत आले. प्रत्यक्षात तिच्यात भरलेले तुकडे प्रामुख्याने प्रवाळांचे नाहीत, ब्रायोझोआंचे आहेत. नाव मात्र तसंच चालू राहिलं.

जी. डब्ल्यू. चिपळूणकरांनी १९३९ साली या थरांतल्या ब्रायोझोआंवर निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी ही जात वर्णिली आणि तिला डायमॉर्फोपोरा म्हटलं. शब्दाचा अर्थ होतो दोन प्रकारची छिद्रं असलेली. पुढे पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत, म्हणजे आजच्या आघारकर संशोधन संस्थेत, त्यांनी बाघ थरांच्या जीवाश्मांवर दीर्घकाळ काम केलं. आर. एम. बडवे यांच्याबरोबर लिहिलेले लेखही त्यात आहेत.

ब्रायोझोआंचे दोन मोठे गट इथे महत्त्वाचे आहेत. सायक्लोस्टोम: यांच्या खोल्या लांब नळ्यांसारख्या, तोंड गोल, दाराला झाकण नाही. आणि चेइलोस्टोम: खोल्या सहसा डबीसारख्या, दाराला बिजागरीचं झाकण. आजच्या समुद्रात चेइलोस्टोमांचं राज्य आहे. बाघ थर बनत होते तेव्हा ते नुकते कुठे झपाट्याने वाढू लागले होते. बाघची ही जात लांब नळ्यांची होती. पाहणाऱ्याला ती सायक्लोस्टोमच वाटावी अशी.

१९९५ साली लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमचे पॉल टेलर आणि पुण्याचे बडवे यांनी मिळून तिच्यावर लेख लिहिला. त्यांचं म्हणणं: ही सायक्लोस्टोम नाही. ही चेइलोस्टोम आहे, जिने सायक्लोस्टोमचा आकार स्वतंत्रपणे गाठला आहे. शास्त्रात याला होमिओमॉर्फ म्हणतात, वेगळ्या घराण्यातला हुबेहूब. दोन ॲप्सचा स्क्रीन सारखा दिसावा आणि आतला कोड पूर्ण वेगळा निघावा, तसं. या घराण्याचे नमुने त्यांना भारताबरोबर युरोपातही दिसले. यासाठी त्यांनी नवा जीनस केला आणि त्याला नाव दिलं चिपळूणकरिना.

बडव्यांनी ज्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं त्याच दगडांवर काम केलं, त्यांचंच वर्गीकरण ते बदलत होते. आणि बदललेल्या वर्गीकरणाला त्यांचंच नाव देत होते.

याला कुणी आदरयुक्त भीड म्हणेल. मला तसं वाटत नाही. भिडेपोटी माणूस टिप्पणीच्या कप्प्यात दोन गोड वाक्यं लिहितो आणि मूळ वर्गीकरणाला हात लावत नाही. इथे हात लावलेला आहे, तोही मुळापर्यंत, थेट एका गटातून दुसऱ्या गटात. आदर दिसतो तो वेगळ्या गोष्टीत: १९३९ च्या कामात टिकणारं काय होतं ते ओळखण्यात. बाघच्या दगडात एक वेगळी जात आहे आणि तिची छिद्रं दोन प्रकारची आहेत, हे टिकलं. ती कोणत्या घराण्यातली, हे टिकलं नाही. लक्षात घ्यायला हवं की बाजारात विकत मिळणारा पहिला स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आला १९६५ साली. १९३९ च्या माणसाकडे साधा सूक्ष्मदर्शक होता. तरीही त्याने जे पाहिलं ते असं लिहून ठेवलं की छप्पन्न वर्षांनी दुसऱ्या कुणाला त्यावर उभं राहून त्याच्याशी असहमत होता आलं.

आपल्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीने नवरीचं नवं नाव लिहायची रीत होती. आडनाव तर बदलायचंच, पण कुठे कुठे पाळण्यातलं नावही पुसून जायचं. ब्रायोझोआच्या जातीचं मात्र आडनाव कितीदा बदललं तरी पाळण्यातलं नाव कुणाला पुसता येत नाही. आणि ते कोणी ठेवलं, हेही नाही.

दुरुस्त करणाऱ्याचं नाव

इथे एक गोष्ट मला खूप उशिरा जाणवली. आमच्याकडे कोडच्या प्रत्येक ओळीला शेवटचा हात कोणी लावला ते दाखवणारी एक आज्ञा आहे. तिचं नावच 'ब्लेम'. ती शेवटच्या माणसाचं नाव दाखवते. प्राण्यांच्या नावात उलटं आहे. तिथे पहिल्या माणसाचं नाव राहतं आणि ज्याने जातीला नव्या जीनसमध्ये हलवलं त्याचं नाव सहसा लिहितच नाहीत. टेलर आणि बडवे जीनसचे लेखक म्हणून जीनसच्या नावापुढे येतात. पण जातीच्या ओळीत दिसतात फक्त चिपळूणकर. दुरुस्ती करणारा त्या ओळीत कंसाच्या दोन कमानींपुरता उरतो.

दुरुस्ती करून आपलं नाव मोठं होणार नसेल, तर माणूस दुरुस्ती कशासाठी करतो? उत्तर सोपं आहे आणि थोडं अस्वस्थ करणारं. ती गोष्ट खरी असावी म्हणून. फोनवर जेव्हा मी कुणाला चुकीचं ठरवायला निघतो, तेव्हा स्वतःला विचारायला हा प्रश्न बरा आहे: माझं नाव दिसणार नसेल तरी मी हे लिहीन का?

आणि दुरुस्त करणाराही त्याच पंगतीत बसतो. पॉल टेलर यांचीच पुढची गोष्ट बघा. २०१० मध्ये मेक्सिकोतून पिवाकिया नावाचा कँब्रियन काळातला ब्रायोझोआ जाहीर झाला, जगातला सर्वांत जुना म्हणून. २०१३ मध्ये टेलर आणि सहकाऱ्यांनी लिहिलं की हा ब्रायोझोआ नसून प्रवाळांच्या जवळचा, ऑक्टोकोरल आहे. मग २०२१ मध्ये 'नेचर'मध्ये आणखी एक दावा आला. १९९३ साली ऑस्ट्रेलियातल्या तुकड्यांवरून वर्णिलेला प्रोटोमेलिशन गेटहाउसी हा सुरुवातीच्या कँब्रियन काळातला ब्रायोझोआ आहे. निर्विवाद ब्रायोझोआ मिळतात ते त्यानंतरच्या ऑर्डोव्हिशियन काळापासून. म्हणजे हा दावा खरा ठरला असता तर या प्राण्यांचा इतिहास काही कोटी वर्षांनी मागे गेला असता. या लेखाच्या लेखकांत टेलर होते. १९९३ च्या मूळ वर्णनाचे एक लेखक ग्लेन ब्रॉक हेही होते.

२०२३ मध्ये, पुन्हा 'नेचर'मध्येच, युनानमधल्या अधिक चांगल्या टिकलेल्या नमुन्यांवर दुसऱ्या एका गटाने लिहिलं. या नमुन्यांत खोल्यांच्या बाहेर मऊ भाग शिल्लक होते. ब्रायोझोआ असता तर तिथे शुंडकं दिसायला हवी होती. ती नव्हती. होती ती साधी, पानासारखी पाती. त्यांचा निष्कर्ष: हा प्राणीच नाही, डेसिक्लाड गटातलं हिरवं शैवाल आहे. अठराव्या शतकात ब्रायोझोआंना वनस्पतींतून काढून प्राण्यांत आणलं. एकविसाव्यात त्यांच्या एका तथाकथित पूर्वजाला प्राण्यांतून काढून शैवालांत नेलं.

या सगळ्यात कुणाची बदनामी झाली का? नाही. वाद झाले, प्रत्युत्तरं आली, चर्चा अजून संपलेली नाही. पण २०२३ च्या लेखाला २०२१ चा लेख हवाच होता. त्यातली चित्रं, मापं, दावा इतका स्पष्ट होता की नेमकं काय सापडलं तर तो पडेल हे सांगता येत होतं: शुंडकांच्या जागी शुंडकं नसणं. गोलमोल लिहिलं असतं तर कुणालाच ते खोडता आलं नसतं. आणि ज्याचं लिहिणं खोडता येत नाही त्याच्या नावाला कधी कंस पडत नाही, कारण त्याने काही सांगितलेलंच नसतं.

कंसात न मावणारी माणसं

ही व्यवस्था आदर्श आहे असं म्हणून थांबलो तर ते खोटं ठरेल. तिच्यात दोन मोठी छिद्रं आहेत.

पहिलं हावेचं. जातीच्या पुढे आपलं नाव कायमचं लागतं म्हटल्यावर नवी नावं ठोकायचा मोह होतोच. अभ्यासक या रोगाला गमतीने 'मिही इच' म्हणतात. मिही म्हणजे लॅटिनमध्ये 'माझं', इच म्हणजे खाज. माझं-माझं ची खाज. एकाच जातीच्या तीन वसाहती, तीन आकार, आणि तीन नवी नावं. पुढच्या पिढीची वर्षं ती निस्तरण्यात जातात. याला नियमांतच एक उतारा आहे. नाव मिटत नाही म्हणजे उथळ कामही मिटत नाही. समानार्थी यादीत ते वर्षासकट लोंबत राहतं. श्रेय आणि जबाबदारी एकाच धाग्यात ओवलेली आहे, एक घेऊन दुसरं टाळता येत नाही. बहुतेक नोकऱ्यांत श्रेय वर जातं आणि जबाबदारी खाली झिरपते. इथे तशी सोय नाही.

दुसरं छिद्र जास्त दुखतं. कंसात मावतो तो लेख लिहिणाराच. दगड कुठे उघडा पडलाय हे ज्याने दाखवलं, ज्याच्या शेतातून तो आला, ज्याने पोती वाहिली, ज्याने ०.०३ मिलिमीटरपर्यंत काप घासला, त्यांतला कुणीही त्या ओळीत नसतो. एकोणिसाव्या शतकात भारतातल्या जीवाश्मांवर लिहिणारे मुख्यतः युरोपीय होते. एका भारतीयाने नर्मदेच्या दगडावर लिहिणं आणि त्याचं नाव कंसात का होईना कायम राहणं, याला म्हणून वजन आहे. पण तेवढ्याने वाहणाऱ्यांचा प्रश्न सुटत नाही. आभाराच्या परिच्छेदात एखादं नाव येतं. तो परिच्छेद कुणी उद्धृत करत नाही.

तरी एक बारीक नियम मला या व्यवस्थेबद्दल आशा देतो. समजा, मी दिलेलं नाव आधीच दुसऱ्या कुठल्या प्राण्याला दिलेलं निघालं. मग माझं नाव बाद होतं आणि नवं द्यावं लागतं. हे ज्याच्या लक्षात आलं तो लगेच स्वतः नवं नाव देऊन श्रेय खिशात घालू शकतो. नामकरणाच्या नियमावलीला जोडलेली आचारसंहिता सांगते: तसं करू नका. मूळ लेखक हयात असेल तर आधी त्याला कळवा, आणि स्वतः दुरुस्त करायला त्याला किमान एक वर्ष द्या.

एक वर्ष! आपण कुणाला एक तासही देत नाही.

माणसांवर लावलेली नावं

जीवाश्माला काही वाटत नाही. त्याला शैवाल म्हणा, प्राणी म्हणा. माणसांना वाटतं, आणि वर्गीकरण तर आपण माणसांचं रात्रंदिवस करतो. आळशी, हुशार, टॉक्सिक, ढ, 'तसल्या घरातला'. यात वर्णनाचा कप्पा कुठे असतो? 'तो तीन दिवस उशिरा आला' हे वर्णन. 'तो बेजबाबदार आहे' हे वर्गीकरण. आपण थेट दुसऱ्यावर उडी मारतो, आणि वर्णन इतकं पटकन विसरतो की पुढे कुणाला तपासायचं म्हटलं तरी होलोटाइप सापडत नाही. नाव मात्र चिकटून राहतं. कोणी ठेवलं, कधी, काय पाहून, 'व्ही' होतं की ऐकीव, सगळं गेलेलं. बाघच्या चुनखडीसारखं: आत दुसरंच काही भरलेलं, आणि सगळे प्रवाळी म्हणत राहतात.

नऊ कोटी वर्षांपूर्वीच्या मिलिमीटरभर जीवाला आपण जे देतो ते जिवंत माणसाला देत नाही: पाहिलं आणि वाटलं यातली रेघ, संशयाची खूण, आणि निकाल बदलण्याची जागा. हे मला तर्कापेक्षा जास्त नीतीचं अपयश वाटतं. कारण या गोष्टींना सूक्ष्मदर्शक लागत नाही. सवय लागते.

शेवटी नियमांतली एक गोष्ट सांगायची राहिली. पडलेला कंस काढताही येतो. उद्या कुणी जास्त चांगले नमुने, जास्त चांगलं यंत्र घेऊन आलं आणि दाखवून दिलं की डायमॉर्फोपोरा ही जात चिपळूणकरांनी १९३९ मध्ये ठेवलेल्या जुन्या जीनसमध्येच हवी, तर ती तिकडे परत जाईल. मग त्यांचं नाव पुन्हा कंसाशिवाय लिहिलं जाईल. कसला समारंभ नाही, माफीनामा नाही, दोन कमानी फक्त गळून पडतील. मात्र त्याच क्षणी चिपळूणकरिना हे जीनसचं नावही बहुधा वापरातून जाईल. म्हणजे ते बरोबर ठरले तर त्यांचा सन्मान जाईल, आणि आज तो सन्मान आहे तो त्यांचं वर्गीकरण टिकलं नाही म्हणून.

ज्याला हा सौदा मान्य आहे, त्याने दगड कापायला घ्यावा.